निशान आणि फर्मान : बुऱ्हाणपूरच्या दरबारात सर टॉमस रो

शालेय पाठ्यपुस्तकांत आणि पुढे पदवीच्या वर्गांतही एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे फिरत असते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा १६१५ साली जहांगीर बादशहाच्या दरबारात आला व त्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी व्यापाराची परवानगी मिळवली, असे ते वाक्य. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि आपण गुण देतो. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. रो १६१५ मध्ये हिंदुस्थानात उतरला हे खरे, परंतु जहांगीरची पहिली मुलाखत त्याला १० जानेवारी १६१६ रोजी अजमेर येथे मिळाली. ज्या स्वरूपाचा करार मिळवण्यासाठी त्याला पाठवले होते, तो त्याला परत जाईपर्यंत मिळालाच नाही. आणि मोगलांचा जो पहिला दरबार त्याने डोळ्यांनी पाहिला, जिथे पहिला लेखी हुकूम त्याच्या पदरात पडला, ते ठिकाण म्हणजे आपले बुऱ्हाणपूर. पाठ्यपुस्तकात बुऱ्हाणपूरचे नावही येत नाही.

या मुक्कामाकडे स्थानिक अभिमानाच्या दृष्टीने पाहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. बुऱ्हाणपूरचे ते तेरा-चौदा दिवस नीट वाचले तर रोच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा उलगडा होतो, आणि त्याने आपल्या राजवटीविषयी जे शेरे मारले ते कितपत ग्राह्य धरावेत याचाही अंदाज येतो, असे मला वाटते.

रो हा मुळात व्यापारी नव्हता. त्याचा जन्म १५८१ च्या सुमारास लंडनजवळ एसेक्समध्ये झाला. शिक्षण ऑक्सफर्डच्या मॅग्डालेन कॉलेजात. राणी एलिझाबेथच्या अखेरच्या काळात तो राजवाड्यातील सेवेत होता. १६१० मध्ये तो दक्षिण अमेरिकेत गियानाच्या किनाऱ्यावर व ॲमेझॉनच्या मुखापर्यंत जाऊन आला. १६१४ साली टॅमवर्थ येथून तो पार्लमेंटवर निवडून गेला. त्या पार्लमेंटने एकही कायदा केला नाही आणि राजाने ते काही आठवड्यांतच बरखास्त केले. कवी बेन जॉन्सनशी त्याचा स्नेह होता. म्हणजे माणूस दरबारी, वाचलेला, सभागृहाची चव घेतलेला. फक्त पैशाने ओढगस्तीचा. कंपनीने वर्षाला सहाशे पौंडांवर त्याची नेमणूक केली. सनद राजाची आणि पगार कंपनीचा, अशी ही दुहेरी चाकरी होती. बादशहासमोर उभे राहून सार्वभौम राजाचा मान मागायचा आणि रात्री शिसे, कापड व तलवारीच्या पात्यांचा हिशेब पाहायचा, हे ओझे त्याने चार वर्षे वाहिले. त्याच्या दैनंदिनीतील चिडचिडीचे मूळ बरेचसे इथे आहे.

१८ सप्टेंबर १६१५ रोजी त्याचे जहाज सुरतेजवळ सुवाळीच्या बंदरात लागले. (या लेखातील रोच्या तारखा जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे आहेत, आजच्या पंचांगाप्रमाणे त्यांत दहा दिवस मिळवावे लागतात. हिजरी सन १०२४.) सुरतेत सामानाच्या झडतीवरून जकातीच्या अंमलदारांशी त्याचा महिनाभर वाद झाला. नंतर खानदेशाच्या वाटेने तो निघाला आणि १४ नोव्हेंबरला बुऱ्हाणपुरात पोहोचला.

त्या वर्षीचे बुऱ्हाणपूर कसे होते? फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने वसवलेले हे शहर १६०० मध्ये अकबराच्या ताब्यात आले व १६०१ च्या आरंभी अशीरगडही पडला. तेव्हापासून दख्खनवरील प्रत्येक मोगल स्वारी इथूनच निघत होती. रो आला तेव्हा पलीकडे मलिक अंबर निजामशाही सांभाळून उभा होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १६१६ मध्ये, खानखानाचा मुलगा शाहनवाज खान याने जालन्याजवळ रोशनगाव येथे मलिक अंबरचा पराभव केला आणि त्याची खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, जाळली. तेव्हा रोने पाहिले ते शहर एक लष्करी ठाणे होते, हे विसरता कामा नये.

पण ते केवळ ठाणे नव्हते. अब्दुर्रहीम खानखाना इथे होता. बाबराच्या तुर्की आठवणी फारसीत आणणारा, हिंदीत दोहे रचणारा हा सरदार आपल्याला वेगळा सांगायला नको. अब्दुल बाकी नहावंदी हा इराणी लेखक त्याच सुमारास त्याच्या आश्रयाला राहून ‘मआसिर-ए-रहीमी’ हा प्रचंड ग्रंथ लिहीत होता. तो १६१६ मध्ये पुरा झाला. शहराला सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत बोगद्यांनी आणणाऱ्या कुंडी भंडाऱ्याचे काम परंपरेने १६१५ चेच मानले जाते. आणि जामा मशिदीत अरबी शिलालेखाशेजारी संस्कृत शिलालेख कोरून पंचवीसएक वर्षे लोटली होती.

रोला यातले काय दिसले? शहर मोठे आहे, पण शहजाद्याचा वाडा, खानखानाचा वाडा व आणखी थोडी घरे सोडल्यास सगळी मातीची आहेत, असे त्याने लिहिले आहे. कोतवालाने त्याला सामोरे येऊन सरायीत उतरवले. समोरचा भाग दगडी व देखणा, परंतु आत मिळालेल्या चार खोल्या विटांच्या, वरून गोल, भट्टीएवढ्या लहान. त्यावर तो फार नाराज झाला. ही सराय कोणती, याविषयी गावात अकबरी सरायीचे नाव घेतले जाते. दैनंदिनीत सरायीचे नाव दिलेले नाही, तेव्हा मार्गदर्शक मंडळी ठामपणे सांगतात तेवढे ठामपणे आपण वर्गात सांगू नये.

दख्खनचा सुभा त्या वेळी जहांगीरचा दुसरा मुलगा शहजादा परवेझ याच्या नावे होता. नाव व डौल शहजाद्याचा आणि कारभार सगळा खानखानाचा, हे रोने आल्याआल्याच टिपले. त्याची ही नोंद अचूक आहे. १८ नोव्हेंबरला तो परवेझच्या भेटीस गेला. बाहेरच्या चौकात दोन्ही बाजूंना घोडेस्वार उभे होते. आतल्या चौकात वरच्या सज्जात छत्राखाली शहजादा बसला होता. खाली कठडा घातलेली जागा, त्यात गालिचे, आणि कडेने हात बांधून उभे असलेले शहरातील मानकरी. अंमलदाराने रोला सांगितले, की टोपी काढून जमिनीला डोके टेकवावे लागेल. रोने नकार दिला. आपण सन्मानाने भेटीला आलो आहोत, नोकरांचा रिवाज आपल्याला लागू नाही, असे त्याचे उत्तर. तो कठड्याशी गेला, आपल्या पद्धतीने लवून मुजरा केला, आणि परवेझनेही किंचित पुढे झुकून त्याचा स्वीकार केला. इथवर ठीक झाले.

पुढे रोने तीन पायऱ्या चढून वर येण्याची मागणी केली. ती नामंजूर झाली. मग त्याने खुर्ची मागितली. या ठिकाणी कोणीच बसत नाही, असे त्याला सांगण्यात आले. शेवटी छताला आधार देणाऱ्या, चांदीने मढवलेल्या एका खांबाला टेकून उभे राहण्याची सवलत मिळाली. हा प्रसंग वाचताना हसू येते, आणि रोने लिहिलाही आहे तसाच, जणू नाटकाच्या रंगमंचावर कोणी राजाचे सोंग घेऊन बसले आहे अशा थाटात. शेक्सपिअर तेव्हा हयात होता. लंडनचा माणूस ही उपमा देणारच. पण ज्याला तो सोंग म्हणतो तो दरबाराचा अदब होता. तसलीम, कुर्निश, कोणी कुठल्या पायरीवर उभे राहायचे, कोणाची नजर कुठे असावी, या सगळ्यातून दरबारात माणसाचे स्थान लिहिले जात असे. रोलाही ते कळत होते. कळत नसते तर तो तीन पायऱ्यांसाठी भांडला नसता. त्याच्या स्वतःच्या राजासमोर लोक गुडघे टेकत असत, हे मात्र त्याने तिथे नमूद केलेले नाही.

भाषेचा प्रश्नही होता. रोच्या सहा वर्षे आधी, १६०९ मध्ये, विल्यम हॉकिन्स हा इंग्रज आग्र्याला जाताना बुऱ्हाणपुरात थांबला होता. त्याला तुर्की येत असे. खानखानाला ती भाषा घरची. दोघांच्या गप्पा तीन तास चालल्या. पुढे जहांगीरनेही हॉकिन्सशी तुर्कीत बोलून त्याला मनसब दिली. रोला फारसी येत नव्हती, तुर्कीही नाही. दुभाष्यांबद्दल त्याची तक्रार शेवटपर्यंत होती. ज्या शहरात बहुभाषिक खानखाना व नहावंदीसारखा चरित्रकार राहत होता, तिथून हा विद्वान वकील तेरा दिवस राहून त्यांच्या ज्ञानाचा स्पर्श न होता निघून गेला, याचे कारण द्वेष नसून बरेचसे भाषेचे अज्ञान आहे.

तरीही काम झाले. बुऱ्हाणपुरात वखार घालण्याची व इंग्रजांच्या राहण्याची परवानगी त्याने मागितली, बादशहाच्या नजराण्यासाठी गाड्यांची सोय मागितली, आणि परवेझने तिथल्या तिथे बक्षीला कागद तयार करण्याचा हुकूम दिला. नजराणे स्वीकारले गेले. शहजाद्याने आतल्या दालनात बसून बोलू, असे आश्वासन दिले. तिथे खुर्चीची अडचण राहिली नसती. परंतु रोच्या नजराण्यात दारूच्या बाटल्यांची एक पेटी होती. परवेझ आत गेला, पेटी उघडली गेली, आणि ती खाजगी भेट झालीच नाही. इकडे रोला तापाने गाठले. २७ नोव्हेंबरला, पुरता बरा न होताच, त्याने मांडूची वाट धरली.

आता तो कागद पाहू. रोने आपल्या दैनंदिनीत व पत्रांत अशा सर्व हुकमांना सरसकट फर्मान म्हटले आहे. मोगल दफ्तरात मात्र हे शब्द काटेकोर होते. फर्मान फक्त बादशहाचे. शहजाद्याच्या हुकमाला निशान म्हणत. त्याखालच्या अंमलदाराने दिलेला तो परवाना. मुद्रा कोणाची, ती कुठे उमटवायची, मजकुराआधी कोणाचे नाव येते, याचे नियम ठरलेले होते. तेव्हा बुऱ्हाणपुरात रोला मिळाले ते फर्मान नव्हते, निशान होते. हा केवळ शब्दाचा वाद नाही. शहजाद्याच्या निशानाचा जोर शहजाद्याच्या नेमणुकीएवढा. १६१६ मध्ये परवेझला दख्खनमधून हलवून अलाहाबादकडे पाठवण्यात आले आणि दख्खन शहजादा खुर्रमकडे गेले. ज्याच्या नावावर वखारीचा हक्क होता तो माणूसच बुऱ्हाणपुरात राहिला नाही. हा बदल रोने अजमेरला बसून पाहिला.

फर्मानाचीही मर्यादा होती. फर्मान ही बादशहाची मेहरबानी; ते एकतर्फी असते. रोला हवा होता दोन राजांमधला करार, ज्यात दोन्ही बाजू बांधल्या जातील, सगळ्या बंदरांना एकच नियम लागेल. त्याने कलमवार मसुदा तयार करून दरबारात सादरही केला. जहांगीरच्या दृष्टीने दूरच्या बेटावरचा एक राजा व्यापाऱ्यांसाठी अर्ज करत होता. त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने कलमे लिहून घेण्याचे कारणच काय? रोशी बादशहा सौजन्याने वागला, त्याच्याशी चित्रांवर पैज लावली, पण ‘तुझुक-ए-जहांगीरी’त या वकिलाचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही. आसफ खान व खुर्रम यांच्या मागे फिरून १६१८ मध्ये रोने पदरात पाडून घेतले ते सुरतेपुरते मुख्यतः पुन्हा शहजाद्याचेच हुकूम. सुरत तेव्हा खुर्रमच्या अमलाखाली होती. फेब्रुवारी १६१९ मध्ये तो मायदेशी निघाला. बुऱ्हाणपुरात जे मिळाले त्याच जातीचे कागद शेवटी त्याच्या हाती राहिले.

यातून त्याने काढलेला निष्कर्ष पुढे फार गाजला. नोव्हेंबर १६१६ मध्ये त्याने कंपनीला कळवले, की नफा हवा असेल तर तो समुद्रावर व शांत व्यापारात शोधा. हिंदुस्थानात किल्ले व पलटणी बाळगण्याच्या नादी लागू नका. पोर्तुगीज त्यात कसे खर्ची पडले ते पाहा. त्याच सुमारास त्याने असेही सुचवले, की अशा दरबारात राजाचा वकील ठेवण्यापेक्षा साधा गुमास्ता जास्त काम करील, कारण त्याला मानापमान सांभाळावा लागत नाही. स्वतःचेच पद निरुपयोगी आहे असे मालकाला लिहिणारा माणूस विरळा. बुऱ्हाणपूरच्या चांदीच्या खांबाला टेकून उभे राहिलेल्या वेळेची आठवण या सल्ल्यामागे असावी, हा माझा अंदाज आहे. पुरावा म्हणून तो घेऊ नये.

इंग्लंडला परतल्यावर १६२१ मध्ये तो सिरेन्सेस्टरतर्फे पुन्हा पार्लमेंटमध्ये गेला आणि त्याच वर्षी उस्मानी सुलतानाकडे वकील म्हणून रवाना झाला. इस्तंबूलला तो १६२८ पर्यंत होता. इथे त्याला हवी असलेली चीज आधीपासून तयार होती. इंग्रज व्यापाऱ्यांना सुलतानाने १५८० मध्येच अहदनामा दिलेला होता, शपथपूर्वक, कलमवार. पण रो पोहोचल्यावर काही महिन्यांतच, मे १६२२ मध्ये, सुलतान दुसरा उस्मान पदच्युत होऊन मारला गेला. मग मुस्तफा, मग १६२३ मध्ये चौथा मुराद. आणि अहदनामा प्रत्येक नव्या सुलतानाकडून पुन्हा मंजूर करून घ्यावा लागे. व्यक्ती बदलली की कागद पुन्हा जिवंत करायचा, हा धडा त्याने बुऱ्हाणपुरात गिरवलेलाच होता. इस्तंबूलमध्ये तो जास्त यशस्वी ठरला. अल्जिअर्सच्या चाच्यांच्या कैदेतील इंग्रजांच्या सुटकेसाठी त्याने समझोता घडवला, ग्रीक हस्तलिखिते जमवून ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाला दिली.

१६२९ मध्ये स्वीडन व पोलंड यांच्यात आल्टमार्क येथे सहा वर्षांचा तह झाला. त्या मध्यस्थीत फ्रान्सचा वकील एर्क्यूल द शार्नासे आणि इंग्लंडचा रो असे दोघे होते. शार्नासे हा कार्डिनल रिशेल्यूचा माणूस. त्याच्या पाठीशी ठाम धोरण व पैसा होता. रोच्या पाठीशी पार्लमेंटशी भांडून रिकाम्या तिजोरीने बसलेला पहिला चार्ल्स. त्या यशानंतरही रोला अनेक वर्षे मोठे पद मिळाले नाही.

याच चार्ल्सने १६३५ मध्ये एक गोष्ट केली. पूर्वेच्या व्यापाराचा मक्ता सनदेने ईस्ट इंडिया कंपनीकडे असताना त्याने विल्यम कोर्टीन यांच्या मंडळीला तोच व्यापार करण्याची मोकळीक दिली. म्हणजे लंडनमधील राजाची सनदही राजाच्या मर्जीइतकीच टिकाऊ निघाली. मोगल राज्यात लिखित कायदाच नाही, बादशहाची इच्छा हाच कायदा, असे रोने हिंदुस्थानातून लिहिले होते, आणि पुढच्या कित्येक युरोपीय लेखकांनी ते वाक्य पुनःपुन्हा गिरवले. बुऱ्हाणपूरच्या अभ्यासकाने यावर थांबले पाहिजे. ज्या गावातून जाताना हा माणूस मोगलांना लिखित कायदा नाही असा समज घेऊन पुढे गेला, त्याच गावचे शेख निजाम बुऱ्हाणपुरी औरंगजेबाच्या काळात ‘फतावा-ए-आलमगिरी’ सिद्ध करणाऱ्या उलेमांच्या मंडळाचे प्रमुख होते. तो ग्रंथ रोच्या नंतरचा, हे खरे. पण असा ग्रंथ रचणारी विद्वत्ता एका पिढीत उगवत नाही. फिकहची लिखित पुस्तके आणि काझीची कचेरी रोच्या वेळीही होतीच. ती वाचण्याची भाषा त्याला नव्हती.

१६४० मध्ये रोला प्रिव्ही कौन्सिलमध्ये घेण्यात आले आणि त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठातर्फे तो दीर्घ पार्लमेंटवर निवडून आला. त्याच मतदारसंघाचा दुसरा प्रतिनिधी म्हणजे प्रसिद्ध कायदेपंडित जॉन सेल्डन. नाणे व व्यापार का घसरले यावरचे रोचे भाषण १६४१ मध्ये छापले गेले. राजकारणी म्हणून त्याची खरी वेळ ही होती, पण ती फार उशिरा आली. १६४१ मध्ये त्याला पुन्हा वकिलातीवर रेगेन्सबर्ग व व्हिएन्नाला पाठवण्यात आले, १६४२ मध्ये राजा व पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले, आणि ६ नोव्हेंबर १६४४ रोजी, युद्ध चालू असतानाच, तो वारला. परवेझ त्याच्या आधीच, १६२६ मध्ये, अतिमद्यपानाने मरण पावला होता, आणि तोही बुऱ्हाणपुरातच.

रोच्या पंचवीस वर्षांनंतर, १६४१ मध्ये, झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या बुऱ्हाणपुरात आला आणि १६५८ मध्ये पुन्हा आला. गाव बरेच मोडकळीस आलेले आहे, घरे गवताने शाकारलेली आहेत, हे त्यानेही लिहिले. पण तो पुढे गेला. इथे पारदर्शक म्हणावे इतके तलम कापड किती मोठ्या प्रमाणात विणले जाते, ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत कसे जाते, कोणत्या कापडाचा बुरखा होतो व कोणत्याची ओढणी, हे सगळे त्याने बारकाईने नोंदले. कोणत्या पायरीवर उभे राहायचे याची त्याला चिंता नव्हती. मोमिनपुऱ्यापासून पसरलेल्या आजच्या यंत्रमागांच्या गावाला आपला भूतकाळ रोपेक्षा ताव्हेर्निएच्या पानांत जास्त ओळखीचा वाटेल.

रोची दैनंदिनी विल्यम फॉस्टर यांनी १८९९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली आहे. परवेझच्या भेटीचा भाग पहिल्या खंडात आहे आणि तो तीन-चार पानांचा आहे. तुझुकचा रॉजर्स व बेव्हरिज यांचा अनुवादही मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला ही पाने मराठीत करून वाचायला द्यावीत आणि सोबत एखाद्या निशानाची व एखाद्या फर्मानाची छायाप्रत ठेवावी. कोणता कागद कोणाचा, हे विद्यार्थी मुद्रेवरून स्वतः ओळखू शकतात. त्यानंतर पाठ्यपुस्तकातील ते वाक्य फळ्यावर लिहावे व त्यातील ‘परवानगी’ या शब्दाच्या जागी काय लिहिता येईल, हे त्यांनाच विचारावे.